हिमवादळात चौघांचे घर सांभाळताना

प्रश्न : आम्ही सप्टेंबरमध्ये पुण्याहून मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला राहायला आलो. घर भाड्याचे, दुमजली आणि गॅसच्या फर्नेसवर तापणारे आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. नोव्हेंबरात साताऱ्याहून सासू-सासरे पाच महिन्यांसाठी आले आहेत. सासूबाई मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डिसेंबरातल्या लहानशा वादळात सहा तास वीज नव्हती आणि माझे पती कामासाठी गेलेल्या गावी अडकले होते. मी फार घाबरले. शेजारी म्हणतात, खरे वादळ अजून यायचे आहे; सासरे म्हणतात, पुढच्या वेळी बर्फ मीच काढीन. तयारी काय करावी आणि दोन-तीन दिवस चौघांनी घरात कसे काढावेत? त्या दोघांना लवकर परत पाठवावे का, असाही विचार मनात येतो. — एक वाचक, वूस्टर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे शेजारी तुम्हाला घाबरवत नाहीत, खरेच सांगत आहेत. अटलांटिकवरून येणारी ओल आणि कॅनडाकडून उतरणारी थंड हवा किनाऱ्याजवळ एकमेकींना भिडली की ईशान्येचे वारे सुटतात आणि ज्याला इथे ‘नॉरईस्टर’ म्हणतात ते वादळ उभे राहते. तुमचे शहर टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे किनाऱ्यावर पाऊस पडत असतानाही वूस्टरमध्ये अनेकदा बर्फ पडतो. जानेवारी 2015 मध्ये एकाच वादळात तिथे 34.5 इंच, म्हणजे जवळपास 88 सेंटीमीटर बर्फ साचला होता. त्या उंचीची खूण घरातल्या भिंतीवर करून पाहा, तुमच्या मुलीच्या छातीच्या जवळपास येईल.

तरीही बर्फ पडत असताना नीट बांधलेल्या घराच्या आत बसलेल्या माणसाला त्या बर्फापासून फारसा धोका नसतो, हे मी या भागातल्या तीस हिवाळ्यांनंतर खात्रीने सांगू शकते. जे अपघात होतात ते बहुतेक तीन गोष्टींमुळे होतात : माणसे नको तेव्हा गाडी काढतात, झेपत नसताना बर्फ उपसतात आणि ऊब मिळावी म्हणून घरात नको ते पेटवतात. म्हणून या तिन्हींपैकी एकाचीही गरज घरातल्या कोणालाही पडू नये, एवढा एकच हेतू ठेवून तयारी करावी असे माझे मत आहे.

सर्वांत आधी, उद्याच्या उद्या करण्याचे काम सांगते, कारण ते फार थोडे लोक करतात. दिवसाउजेडी घराबाहेर एक फेरी मारा आणि फर्नेसचा धूर कोठून बाहेर पडतो ते पाहा. पुष्कळ घरांत तो छपरावरच्या धुराड्यातून जात नाही, तर तळघराच्या भिंतीतून आडव्या निघालेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून जातो, आणि हा पाइप जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच असतो. वाऱ्याने भिंतीशी बर्फाचा ढीग लावला की हा पाइप आधी बुजतो आणि आत कार्बन मोनॉक्साइड साचू लागतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि थकव्यामुळे असे होत असेल असे समजून माणसे अंथरुणावर पडतात. जानेवारी 2005 मधल्या वादळात याच राज्यातल्या प्लिमथ गावी असाच पाइप बर्फाने बुजला आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्याच नावाने पुढे इथे कायदा झाला आणि घरांमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. अनेक घरांच्या बाहेरच्या भिंतीवर, डोक्याच्याही वर, ‘खाली गॅसचा व्हेंट आहे, जागा मोकळी ठेवा’ अशा अर्थाची पाटी दिसते, तीही याच घटनेनंतर आली. ती पाटी शोधा. सापडली नाही तर घरमालकांना फोन करून पाइपाची जागा विचारा आणि तिथे एक उंच काठी रोवून तिच्या टोकाला रंगीत कापड बांधून ठेवा, म्हणजे सगळे पांढरे झाल्यावरही जागा कळेल. वादळ चालू असताना दर काही तासांनी, वारा जरा उतरला की, घरातल्या धडधाकट माणसाने दाराबाहेर जाऊन तेवढा भाग मोकळा करायचा. पती घरी नसतील तर ते काम तुमचे आहे. आणि जर पाइप घराच्या मागच्या बाजूला असेल आणि वाऱ्यात तिथवर पोचणे शक्य नसेल, तर तो बुजल्याची शंका येताच फर्नेस बंद करायची. इशारायंत्र प्रत्येक मजल्यावर आहे का ते पाहा, त्याचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहा आणि तो आवाज सासू-सासऱ्यांनाही ऐकवून ठेवा. ते वाजले तर खिडकी उघडून वाट पाहत बसायचे नाही, चौघांनी अंगावर कोट घालून बाहेर पडायचे आणि 911 ला फोन करायचा.

याच कारणासाठी गॅसच्या ओव्हनचे दार उघडून खोली तापवू नये, कोळशाची शेगडी किंवा अंगणातली ग्रिल घरात आणू नये, आणि जनरेटर असेल तर तो गॅरेजमध्येसुद्धा न लावता घरापासून किमान वीस फुटांवर उघड्यावर लावावा. गाडीत बसून फोन चार्ज करायचा असला, तरी आधी गाडी गॅरेजबाहेर हवी आणि तिच्या मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ पूर्ण काढलेला हवा. फेब्रुवारी 2013 च्या वादळात बोस्टनमध्ये एक शाळकरी मुलगा वडील बर्फ काढत असताना ऊब घेण्यासाठी चालू गाडीत बसला होता. नळी बर्फात गाडलेली होती आणि तो वाचला नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण तुमच्या घरात लहान मूल आहे म्हणून लिहिणे भाग आहे.

आता विजेविषयी. वीज जाईल की नाही हे बर्फाच्या इंचांवरून ठरत नाही, बऱ्याच अंशी तापमानावरून ठरते. कडाक्याच्या थंडीतला बर्फ पिठासारखा भुरभुरीत असतो आणि फांद्यांवरून उडून जातो. तापमान शून्य सेल्सिअसच्या, म्हणजे इथल्या 32 अंशांच्या आसपास असेल तर तोच बर्फ ओल्या कणकेसारखा चिकटतो, फांद्या मोडतात आणि फांद्यांबरोबर तारा तुटतात. त्याहून वाईट म्हणजे पडल्या जागी गोठणारा पाऊस. 11 डिसेंबर 2008 च्या रात्री तुमच्याच भागात असा पाऊस पडला आणि काही घरांना दोन आठवड्यांपर्यंत वीज नव्हती. आमची सहा दिवसांनी आली. त्या रात्री एका मागून एक फांद्या मोडण्याचा आवाज येत होता, दिवाळीत दूरवर सुतळी बॉम्ब फुटावेत तसा, आणि सकाळी अंगणातल्या प्रत्येक काडीवर काचेचे आवरण चढलेले होते. घरात शिधा होता, पाणी होते, गॅसही चालू होता. पण गाडी गॅरेजमध्ये आणि गॅरेजचे दार विजेवर उघडणारे, त्यामुळे धाकट्याला ताप आला तेव्हा दोन दिवस गाडी काढता आली नाही. छतातल्या यंत्राखाली लोंबणारी लाल दोरी ओढली की दार यंत्रापासून सुटते आणि हाताने उचलता येते, हे तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने येऊन दाखवले. तुमच्या घरात तसे दार असेल तर वीज असतानाच ती दोरी एकदा ओढून पाहा.

गॅसची शेगडी वीज गेल्यावर स्वतः पेटत नाही, पण वरचे बर्नर बहुधा काडीने पेटवता येतात. ओव्हनचे तसे नसते. म्हणून काडेपेट्या दोन-तीन ठेवा. फर्नेस मात्र गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा विजेवर असतो, त्यामुळे वीज गेली की घर निवू लागते. अशा वेळी सगळे घर राखण्याचा प्रयत्न सोडून द्या. दक्षिणेकडे खिडकी असलेली एक खोली निवडा, तिच्या दाराच्या फटीला टॉवेल लावा आणि चौघेही तिथेच राहा, तिथेच झोपा. साताऱ्याहून सामानात गोधडी आली असेल तर तिच्याइतकी चांगली वस्तू इथल्या दुकानात मिळणार नाही. डोक्याला टोपी झोपतानाही असावी. वृद्ध माणसाची थरथर थांबेना, बोलणे अडखळू लागले किंवा भलत्या वेळी पेंग येऊ लागली तर ती नुसती थंडी समजू नका, लगेच मदत मागवा. नळ बारीक धारेने चालू ठेवा, बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवा आणि मुख्य पाण्याची चावी कोठे आहे ते घरमालकांकडून समजून घ्या, कारण पाइप फुटलाच तर ती चावी बंद करण्यासाठी मिनिटे मोजकी असतात.

वादळाचा इशारा आला की इथे ब्रेड, दूध आणि अंडी यांचे रकाने रिकामे होतात. त्या गर्दीत तुम्ही जाण्याचे कारण नाही. आपल्या स्वयंपाकघराला अशा दिवसांची जुनी सवय आहे : पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, चिवडा, दुधाची पावडर. दडपे पोह्यांना तर गॅसही लागत नाही. पाणी माणशी रोजचे एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, या हिशेबाने तीन दिवसांचे भरून ठेवा. फ्रिजचे दार न उघडल्यास आतले अन्न चार तास चांगले राहते, भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास टिकतो. अन्न बाहेर बर्फात ठेवण्याचा मोह होतो. त्याऐवजी डब्यांत पाणी घालून ते बाहेर गोठवा आणि तो बर्फ आत आणून फ्रिजमध्ये ठेवा. इन्सुलिनच्या बाबतीत याहून जास्त काळजी हवी. ते थंड राहावे म्हणून चुकूनही बर्फात किंवा खिडकीच्या काचेला लागून ठेवू नका, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. चालू असलेली बाटली साधारण महिनाभर खोलीच्या तापमानालाही टिकते. नेमके दिवस आपल्या औषधाच्या कागदावर पाहा. दोघांचीही औषधे हातात नेहमी दोन आठवड्यांची असावीत आणि सासूबाईंना रात्री साखर उतरल्यास लागणारा गूळ किंवा साखर त्यांच्या उशाशी असावी.

आता सासऱ्यांचे म्हणणे. त्यांना ‘तुम्ही काहीच करू नका’ असे सांगू नका, ते त्यांना लागेल. त्यांच्याशी आकड्यांत बोला. दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा ड्राइव्हवेवर, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेवर, 60 सेंटीमीटर बर्फ पडला तर तो अठरा घनमीटर झाला. भुरभुरीत धरला तरी त्याचे वजन सुमारे अठराशे किलो भरते आणि ओला असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. त्यात रस्ता साफ करणारा प्लो येऊन तुमच्या दारापुढे दगडासारखा घट्ट बांध टाकून जातो, तो वेगळा. थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात, फावडे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, रक्तदाब एकदम चढतो. बर्फ काढताना हृदयविकाराचे झटके येतात ते यामुळे. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने हे काम करायचे नाही, याबाबत कोणताही हृदयरोगतज्ज्ञ वेगळे सांगेल असे मला वाटत नाही, तरी फोनवर त्यांच्या डॉक्टरांकडूनच ते त्यांना ऐकवा. आणि वादळ येण्याच्या आधी, या आठवड्यातच, पैसे देऊन ड्राइव्हवे साफ करणारा माणूस ठरवून ठेवा. वादळाच्या दिवशी तो मिळत नाही. तुम्ही स्वतः काढाल तेव्हा सगळा बर्फ पडून होण्याची वाट न पाहता थोडा-थोडा काढा, उचलण्यापेक्षा ढकला, आणि दरवेळी पंधरा-वीस मिनिटांनी आत या.

त्यांच्यासाठी मात्र एक खरे काम आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला पर्जन्यमापक परका नसतो. मागच्या दाराशी, हात पोचेल अशा उघड्या जागी पांढरी रंगवलेली एक फळी ठेवा. दर सहा तासांनी त्यांनी पट्टीने बर्फाची उंची मोजायची, वहीत वेळ घालून लिहायची आणि फळी पुसून पुन्हा ठेवायची. इथे बर्फ मोजण्याची रीतच ही आहे. मग सरळ उभ्या डब्यात त्या थराचा एक नमुना घेऊन, वितळवून, पाणी किती भरते ते पाहायचे. साधारणपणे दहा सेंटीमीटर बर्फाचे एक सेंटीमीटर पाणी होते. म्हणजे शहर दोन दिवस बंद पाडणारा 60 सेंटीमीटरचा बर्फ हा 60 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आषाढात महाबळेश्वरला एवढा पाऊस एका दिवसात सहज पडून जातो. हा हिशेब ते नातीला समजावून सांगतील. ती वही तुम्हालाही उपयोगी पडेल, कारण बर्फ किती वेगाने चढतो आहे हे कळले की पाइप मोकळा करायला कधी जायचे ते ठरवता येते.

वेळ कसा काढावा, याबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे, पण माझ्या अनुभवात साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या मोठ्या माणसांना बर्फापेक्षा याचाच जास्त त्रास होतो. जानेवारीत वूस्टरला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रस्त्यावर माणूस नाही, कोणाची हाक नाही, बर्फाने सगळा आवाज शोषून घेतलेला. आणि ज्या वेळी आयुष्यभर पारावर किंवा बागेच्या बाकावर चार माणसांत बसायची सवय, त्याच वेळी खिडकीबाहेर काळोख. गावी फोन करावा तर तिकडे पहाटेचे सव्वातीन वाजलेले असतात. हा तास तुम्ही आधीच भरून ठेवा. दिवे सगळे लावा, सासूबाईंना त्याच वेळी देवाजवळ दिवा लावू द्या, मात्र तो उंच, स्थिर जागी, पडद्यापासून लांब असावा आणि खोलीत माणूस असेपर्यंतच तेवावा. त्यानंतर लगेच चौघांना गुंतवणारे काही असावे. पाच वर्षांच्या मुलीला बदाम सात येते, झब्बू येतो. पत्ते दोन जोड तरी घरात ठेवा. ‘नाव-गाव-फळ-फूल’ ती तोंडी खेळेल. भेंड्यांना तर काहीच लागत नाही. वीज असेल तोवर हे खेळ मागे राहतात आणि सगळे आपापल्या पडद्यांत जातात, म्हणून पहिल्या संध्याकाळपासूनच फोन एका टोपलीत ठेवण्याचा नियम करा. त्यामुळे वीज गेली तर त्यांचा चार्जही शिल्लक राहील.

गावाकडचा फोन सकाळी साडेआठला लावावा, तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे सात असतात आणि सगळे घरी असतात. दूरचित्रवाणीवरच्या वादळाच्या बातम्या दिवसातून दोनदाच पाहा. एकच वार्ताहर त्याच पुलावर उभा राहून दिवसभर तेच सांगतो आणि मोठ्या माणसांचा जीव घाबराघुबरा होतो. जेवणाच्या वेळा रोजच्याच ठेवा. दुपारी सासूबाईंना एखादा पदार्थ मोठ्याने सांगत करू द्या आणि तुम्ही तो मापांसह लिहून घ्या. मी माझ्या सासूबाईंचा गोडा मसाला 1996 च्या जानेवारीतल्या वादळात असाच उतरवून घेतला होता. पाठकोऱ्या पाकिटावर लिहिलेला तो कागद तेलकट झाला आहे, पण अजून त्याच कागदावरून मसाला करते.

वादळ थांबले की मुलीला बाहेर सोडण्याआधी पुन्हा एकदा पाइपाभोवती फेरी मारा आणि घरासमोर आग विझवण्याचा नळ असेल तर तो मोकळा करा. मग तिला घेऊन किल्ला करा. दिवाळीत अंगणात करतो तोच, बुरूज, दरवाजा, पायवाट सगळे धरून. मातीपेक्षा बर्फ हाताला जास्त ऐकतो. त्यावर अन्नाचा रंग घातलेले पाणी शिंपडले तर तटबंदी उठून दिसते. फक्त जागा घराच्या मागच्या अंगणात असावी. रस्त्याकडेच्या ढिगात मुलांना भुयार खणू देऊ नका. ते कोसळते, आणि प्लो चालवणाऱ्याला आतले मूल दिसत नाही.

पतींच्या प्रवासाचे म्हणाल तर राष्ट्रीय हवामान सेवेचा आधी ‘वॉच’ येतो, म्हणजे वादळ येण्याची शक्यता आहे, आणि नंतर ‘वॉर्निंग’, म्हणजे ते येणारच किंवा आलेच आहे. वॉच आल्याच्या दिवशीच त्यांनी परतीचे ठरवावे, आणि वॉर्निंग लागू झाल्यावर ते जिथे असतील तिथेच थांबावेत. घरी पोचण्याच्या घाईने त्यांनी रात्री महामार्गावर यावे, असे फोनवर तुमच्या आवाजातूनही त्यांना वाटू देऊ नका.

सासू-सासऱ्यांना परत पाठवण्याबद्दल माझे मत विचारलेत म्हणून सांगते : केवळ वादळाच्या भीतीने पाठवू नका. वादळाच्या आसपास विमानेही रद्द होतात आणि त्या वयात विमानतळावर रात्र काढणे हे गोधडी घेऊन एका खोलीत झोपण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. पण हा निर्णय तुम्ही दोघांनी स्वयंपाकघरात हळू आवाजात घेऊ नये. आज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यांच्याजवळ बसा, हे पत्र त्यांना वाचून दाखवा आणि त्यांना काय वाटते ते त्यांनाच विचारा. सासरे फळीचे माप विचारतील. दोन फूट बाय दोन फूट पुरेशी होते.